इरफानच्या प्रोग्रामने वाचवलेले अण्णा

शेजारच्या इरफानच्या कोडिंगला हसू नका रे. आमच्या घरातला रुसवा त्यानेच काढलाय, तोही चुकून.

ताईच्या लग्नाची आमंत्रणं मोबाइलवरून जावीत म्हणून त्याने छोटा प्रोग्राम लिहिला होता. बाबांनी पाहुण्यांच्या यादीत एकाखाली एक असलेल्या दोन चुलतभावांना टिक केलं, घोटीचे नाना आणि मनमाडचे अण्णा. "हे दोघे काढ. मागच्या लग्नात मानपानावरून भरल्या ताटावरून उठले होते."

इरफानने बटण दाबलं, आमंत्रणं गेली. संध्याकाळी ओझरहून आत्याचा फोन. "दादा, सख्ख्या बहिणीला वगळलंस?"

इरफानने कोड उघडला आणि जीभ चावली. "काका, वरचं नाव उडालं की खालचं त्याच्या जागी सरकून वाचतं, आणि त्याच्या खालचं नाहक जातं. नाना गेले, अण्णा वाचले, आत्या उडाल्या. खालून वर काढत जायला हवं होतं."

"म्हणजे अण्णांना आमंत्रण गेलं?"

गेलंच होतं. हळदीला सगळ्यांच्या आधी अण्णा हजर! बाबांना मिठी मारून म्हणाले, "तू बोलावलंस, मिटलं सगळं." बाबांनीही प्रोग्रामचं नाव काढलं नाही.

आता धाकटीचं लग्न ठरलंय. परवा इरफान म्हणाला, "काका, प्रोग्राम दुरुस्त केलाय."

बाबांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "जुनाच चालव. नानांच्या वर माझं नाव टाक, आणि आम्हा दोघांना टिक कर. अण्णांना मी फोन करतो."