अर्ध्या कावडीचं चिलखत

नागुबाई : तुमच्या नाटकाचा पहिला नंबर आला, ते गावभर कळलंय, ज्ञानोबा. मला ते नगं सांगू. माझ्या डब्याचं बोल.

ज्ञानोबा : माय, आत्ताच लातूरच्या यष्टीतनं उतरलाव आम्ही. घोटभर पाणी तरी पिऊ दे.

नागुबाई : पी. ते पाणी कसं येतंय ते बी ध्यानात ठेव. कावडीला एकीकडं डबा अन् तोलाला दुसरीकडं धोंडा. पंधरा दिस झाले, तू धोंडा खांद्यावर घेऊन दीड कोस चालून राहिला. असल्या दुष्काळात पाण्याचा धड डबा फाडणारी बाई मी उभ्या जन्मात बघितली न्हाई. विचार तुझ्या बायकोला, कुठनं सुचलं.

भामाबाई : आत्या, मी हितंच बसलेय. मलाच विचारा की. पंधरा दिस झाले, एक शब्द बोलला न्हाईत.

नागुबाई : ज्ञानोबा, तिला सांग, मी तुझ्याशी बोलून राहिले.

भामाबाई : बरं. त्येंच्याशी बोला. पर ऐका माझं, अन् पहिल्यापासनं ऐका. ह्ये नांदेडला ड्रेसवाल्याकडं गेले व्हते.

ज्ञानोबा : हाव. म्हणलं, सम्राट अशोकाचं चिलखत भाड्यानं पाहिजे. भिंतीला मोप लटकलेली व्हती. त्यानं विचारलं, कोणतं गाव, कोणती वस्ती. गाव सांगितलं, भीमनगर सांगितलं. म्हणला, समदी बुक झाली.

नागुबाई : झाली असतील.

ज्ञानोबा : माझ्यामागं तासाभरानं शेषेराव गेले, आपल्याच गावच्या वरल्या आळीचे. त्यांच्या नाटकाला दोन दिली.

नागुबाई : हे मला कुणी सांगितलं न्हाई.

ज्ञानोबा : काय सांगू माय? राजा व्हायला गेलो अन् दारातनंच माघारी आलो, हे सांगू?

भामाबाई : त्या दिशी ह्ये जेवले न्हाईत. मला लई लागलं. म्हणलं, चिलखत काय आभाळातनं पडतं का? करू आपण. पोरांच्या जुन्या वह्या भिजवल्या, मेथ्या वाटून घातल्या, टोपल्याला करतो तसा लगदा केला. रांजण पालथा घालून त्याच्यावर थापला, छातीचा घाट बरोबर आला. यष्टी स्टँडावरच्या हाटेलातनं सोड्याच्या बाटल्यांची बुचं गोळा केली, ठोकून चपटी केली अन् खवल्यावानी वळीनं शिवली. बघणाऱ्यानं बघतच ऱ्हावं.

नागुबाई : ज्ञानोबा, विचार तिला, मग तेच का न्हाई घातलं. मेथ्या काय फुकट आल्या व्हत्या?

ज्ञानोबा : घातलं की. विहारापुढं तालीम केली. कलिंगाची लढाई सरती, मेलेली माणसं बघून राजाला पस्तावा होतो, अन् त्यो चिलखत उतरवून भुईवर टाकतो. समदं नाटक त्या एका जागेवर उभंय, माय. मी टाकलं.

नागुबाई : मग?

ज्ञानोबा : शेणाचा पो पडावा तसं भद्दिशी पडलं. पोरं पोट धरधरून हसली.

भामाबाई : राजाचा पस्तावा असा भद्दिशी पडल्यावर त्याला खरा कोण मानंल, आत्या? घरी आले, चारी कोपरे बघितले. वाजणारा पत्रा घरात एकच व्हता. तेलाचा डबा.

नागुबाई : तेलाचा कवाचा? आठ वर्सं त्यात पाणी येऊन राहिलं.

भामाबाई : हाव, पाण्याचा. मला का ठावं न्हाई? छन्नी लावली तवा हात कापला माझा. पहिला घाव बसला अन् मीच रडले. पर मग थांबले न्हाई. पत्रा उखळाच्या काठावर ठोकून वळवला, कडा दुमडल्या, आतनं बारदाना लावला. चिंच अन् राख घेऊन घासला, अन् त्याच्यावर ती बुचं बांधली. पट्टे सायकलच्या ट्यूबचे.

नागुबाई : हं. ज्ञानोबा, तिला म्हणावं, लातुराचं सांग.

ज्ञानोबा : ते मी सांगतो. नव्या जिल्ह्याची पहिली नाट्यस्पर्धा, मंडप गच्च. ड्रेसवाला तिथंच, शेषेरावाच्या राजाला मखमल चढवत व्हता. मला बघून म्हणला, ह्यांचा राजा तेलाच्या डब्यातनं आला. दहा-बारा जण हसले. हिला म्हणलं, उतरवून ठेवतो.

भामाबाई : मी म्हणलं, उतरवायचंच हाय, पर स्टेजावर.

ज्ञानोबा : गेलो. बोलायचं ते बोललो. मग खांद्यावरची गाठ वढली. एका झटक्यात सुटली.

नागुबाई : कशाची गाठ?

भामाबाई : कावडीची. मी नांदायला आले तवा तुम्हीच शिकवली. भरल्या वजनाला धरती अन् दोरीचा शेव वढला की सुटती.

नागुबाई : माझ्या मायची गाठ हाय ती.

ज्ञानोबा : चिलखत फळ्यांवर पडलं, माय. आधी पत्रा वाजला. मग ती बुचं, थांबता थांबंनात. माइकानं समदं धरलं. मी पुढचं वाक्य इसरलो, अन् बरंच झालं इसरलो. बुचांचा आवाज पार मागल्या रांगेपतुर गेला. मग ज्या टाळ्या सुरू झाल्या! पहिल्या नंबराची ढाल आता विहारात ठेवलीय.

नागुबाई : अन् त्यो ड्रेसवाला?

ज्ञानोबा : आला की मागं. चिलखत उलटंपालटं करून बघितलं. म्हणला, कुणी केलं? हंगामाला भाड्यानं देता का?

नागुबाई : मग ही काय म्हणली?

ज्ञानोबा : हिनं विचारलं, कोणतं गाव, कोणती वस्ती? त्यानं बापड्यानं सांगितलं बी, नांदेड, अमकी गल्ली. ही म्हणली, बुक झालंय.

नागुबाई : असं म्हणली?

ज्ञानोबा : तोंडावर. शेषेराव बी मान खाली घालून हसले.

नागुबाई : ज्ञानोबा, डोळ्यात मोती पडलाय माझ्या, मला काय दिसायचं न्हाई. ते अंगणातल्या फरशीवर टाक. मला ऐकू दे.

ज्ञानोबा : पोचे पडतील, माय.

नागुबाई : पडू दे. माझा डबा हाय.

(ज्ञानोबा चिलखत छातीइतकं उचलतो आणि फरशीवर सोडतो.)

नागुबाई : बुचं अजून वाजून राहिलीत.

ज्ञानोबा : हाव.

नागुबाई : भामे, उचल ते. पोचे ठोकून काढ, पुढल्या खेळाला लागंल. कावडीला धोंडा हाय की.