सत्यभामाबाईंची तार

हॅलो? हॅलो… हो, मुरुमचं पोस्ट. मी मार्तंड गुरुजी बोलतोय, पोस्टमास्तर दत्तोपंतांनी शाळेतून बोलावून घेतलं… कोण? सिदू! अरे, कुठून बोलतोस?… सोलापूर? म्हणजे निघालाससुद्धा?

रडू नकोस. आधी ऐक… नाही, नाही, गेली नाही रे! आई जिवंत आहे, देवाशपथ… हो, ठाऊक आहे मला. 'मदर सीरियस, स्टार्ट' अशी तार आली की माणूस गेलं असंच धरतात लोक…

म्हणजे… आता उतार आहे. ताप होता… हो, ताप. डॉक्टर? येऊन गेले की. कोणते म्हणजे… अरे, ते… तू काळजी करू नकोस.

काय? उद्या?… बढतीची परीक्षा? सिकंदराबादला?… अन् ती सोडून आलास? पुन्हा कधी?… दोन वर्षांनी!

…नाही, लाइन आहे. घड्याळ बघत होतो मी.

सिदू, परतीची गाडी किती वाजता?… सव्वापाच. मग इकडची बस धरू नकोस. परत जा… अरे, ऐक ना! आई आजारी नाही. नव्हतीच. ताप नाही, डॉक्टर नाही, आत्ता खोटं बोललो मी… हो. तार मीच लिहिली.

ओरड. ओरड बाबा, तुझा हक्कच आहे.

सांगतो. परवा आई शाळेत आली. म्हणाली, "गुर्जी, पोराची लई सय येतीया. दिवाळीलाबी आला न्हाय. येकदा येऊन जा म्हनावं, तार करा, इंग्रजीत लिवा." आता 'सय येते' याला इंग्रजीत काय म्हणायचं? अडलो. डिक्शनरी काढली, तर तिच्यात आधी इंग्रजी शब्द, मग अर्थ. माझ्याजवळ नुसता अर्थ. शब्द कुठल्या पानावर शोधू?… अरे, मी शिकलो निजामाच्या राज्यात. उर्दू विचार, घडाघडा सांगीन. इंग्रजी आपली कामचलाऊ. पण गावाला वाटतं, गुरुजींना सगळं येतं. अन् गावाला तसं वाटलेलं मला आवडतं रे… हो, लाज वाटते आता सांगायला. ती समोर बसून माझ्या तोंडाकडं बघत होती. 'मला येत नाही' एवढं काही तोंडातून निघेना. मग सगळे करतात तीच तार ठोकून दिली. वर तिला वाचून दाखवली, की 'आईला तुझी फार आठवण येते'…

हो… हो, खरंय तुझं…

ती? इथंच आहे, पोस्टाच्या पायरीवर. पोरगं सोलापुरापर्यंत आलं म्हणून दत्तोपंतांनी सांगितलं तिला. शेंगदाण्याचे लाडू घेऊन बसलीय… तुझ्यासाठी नाही रे, माझ्यासाठी! गुरुजींनी चांगलं लिहिलं म्हणून पोरगं लगेच निघालं, म्हणतेय. कोणत्या तोंडानं घेऊ मी ते?

काय, ऑपरेटरबाई? तीन मिनिटं झाली?… वाढवा, वाढवा.

सिदू, आधी परतीचं तिकीट काढ. रात्रभर गाडीत काय वाचायचं ते वाच, उद्या पेपर दे… आईला मीच सांगतो… हो, खरं तेच. सगळं.

एक सांगशील? तुझ्या कानावर रोज साहेबांची इंग्रजी पडते. काय लिहायला हवं होतं मी?… काय? मोठ्यानं बोल… 'कम'? नुसतं 'कम'?… अन् तेवढ्यावर आला असतास?… पेपर देऊन, मिळेल त्या गाडीनं…

अरे, पहिल्या धड्याला फळ्यावर मीच लिहून दिला होता तो शब्द तुला. तू तिसऱ्या रांगेत बसायचास.

हॅलो?… सिदू?… हॅलो…

दत्तोपंत, लाइन गेली.

सत्यभामाबाई, आत या. बसा इथं… नाही, ते लाडू राहू द्या तुमच्याजवळच. आधी मी काय केलंय ते ऐका.