पोर्तुगीज मिल्ट्रीचो गियरबॉक्स

(तोंडवलीची पुळण, कललेली दुपार. जुन्या गाडीचा गियरबॉक्स बसवून केलेल्या विंचच्या दोराला लागलेली होडी अर्ध्या वाटेवर अडकली आहे आणि मागून भरती चढते आहे. विंचपाशी होडीची मालकीण विमला आणि तिचे धाकटे दीर गुरुदास. विमलाच्या हातातल्या फोनवर कुडाळचा स्पेअर पार्टवाला निलेश.)

निलेश : काकी, पार्ट पाठवायला माझी ना नाही. आत्ताच्या एसटीत टाकतो. पण गियरबॉक्स कुठल्या गाडीचा आहे ते तरी सांगा. ‘पोर्तुगीज मिलिटरी’ असं माझ्या एकाही खोक्यावर लिहिलेलं नाही.

गुरुदास : मगे दुकान लहान आसा तुझा.

विमला : भावजी, गप रवा. निलेशभाऊ, गाडी खंयची ता ह्येंका एकट्यांकाच म्हायत आसा.

गुरुदास : एकट्याक कित्या? सगळ्या गावाक म्हायत आसा. पोर्तुगीज गोव्यातसून गेले, तेवा एक मिल्ट्री ट्रक मागे सोडून गेले. तेचो ह्यो गियरबॉक्स.

विमला : गावाक तुमीच सांगलास ता.

गुरुदास : कोणीतरी सांगूक होया मा.

निलेश : बरं, आधी झालंय काय?

विमला : आमची होडी विंचान वर घेव होतो. अर्ध्यार इली आणि पयलो गियर सटाकलो. आता गियर घातलो की होडी हातभर वर येता, मगे सटाक, की परत हातभर खाली. आज अवस, भरती मोठी. पाणी हयसर पावला की होडी आडवी पडतली आणि लाटो तिका फोडून टाकतले. ह्येंचो मोठो भाव, म्हणजे आमचे घरवाले, होडयेखाली ओंडके लावन कमरेभर पाण्यात उभे आसत.

गुरुदास : दादा बरो आसा. मगाशी हात दाखवल्यान.

विमला : तो हात दाखवक नाय. बोलवक होतो.

निलेश : ठीक आहे, आपण पायरी पायरीनं जाऊ. पुढचे गियर किती?

गुरुदास : तीन की चार.

विमला : की?

गुरुदास : चौथ्याची कधी गरजच लागाक नाय. होडी पुळणीर घेवची आसता, मुंबयक न्हेवची नसता.

निलेश : वरच्या झाकणाला बोल्ट किती आहेत? त्यावरून बराच अंदाज येतो.

विमला : मोजतंय. चार.

गुरुदास : मूळचे सहा. दोन माका माडाच्या पंपाक लागले.

निलेश : म्हणजे सहा धरू का?

गुरुदास : सहाच धर. पण पंपाचे काडूक सांगा नको, पाणी जायत.

निलेश : काका, असं नको. आपण सरळ नंबरच बघू. बॉक्सच्या अंगावर ओतलेला नंबर असतो, वर आलेली अक्षरं. फोटो काढून पाठवा, मी लगेच सांगतो.

विमला : थंय रंग आसा. खरवडूक होयो. भावजी, कोयती हाडा.

गुरुदास : वयनी, रंगाक हात लावा नको. दसऱ्याचो आसा.

विमला : दसऱ्याचोच आसा, पण खंयच्या खंयच्या दसऱ्यांचो? दर वर्सा पूजा झाली की एक हात मारतास. बोटभर जाडी झाली. हाडा ती कोयती.

गुरुदास : घे. पण हळू.

विमला : वर निळो. ह्यो रंग मी खंयतरी बघलंय. शाळेचो मा ह्यो?

गुरुदास : उरलेलो होतो.

विमला : उरलेलो? शाळेची मागची भित अजून उघडी आसा.

गुरुदास : मागे कोण जाता बघूक?

विमला : खाली पिवळो.

गुरुदास : फाट्यावरच्या शेडीचो. तो खराच उरलेलो. शेडच उडान गेली मा वाऱ्यान.

विमला : पिवळ्याखाली गुलाबी.

गुरुदास : ता ऱ्हवांदे.

विमला : गुलाबी खंयचो, भावजी?

गुरुदास : संडास योजनेचो.

विमला : आणि तेची आमी पूजा केलंव. झेंडूची फुला घालून.

गुरुदास : डबो नवीन होतो गो, झाकणसुदा उघडूक नव्हता.

निलेश : काकी, नंबर दिसला का?

विमला : नाय हो. अजून योजनाच संपाक नाय.

निलेश : मी थांबलोय. गिऱ्हाईक नाही सध्या.

विमला : हिरवो गेलो, करडो गेलो. लागला लोखंड. पण निलेशभाऊ, हयसर तर सगळा गुळगुळीत आसा. नंबर नाय काय नाय.

निलेश : असं होणार नाही. सगळ्या बॉक्सना असतो. नीट बोट फिरवून बघा.

गुरुदास : बोट फिरवन काय होवचा नाय.

विमला : कित्या?

गुरुदास : पयल्या दसऱ्याक थंय अक्षरा वर इलेली होती. रंग सारको बसा नाय. खडबडीत दिसा होता. म्हणान मी कानस मारलंय.

निलेश : काका, तुम्ही नंबर कानशीनं घासून काढलात?

गुरुदास : सोपा नव्हता ता. दोन कानशी झिजल्यो.

निलेश : निदान वाचला तरी होतात का?

गुरुदास : वाचूक गेलंय. पोर्तुगीज भाषेत होतो.

निलेश : नंबर?

गुरुदास : तेंची भाषा वेगळी.

विमला : भावजी, पाणी बघलास खंय इला ता? मगाशी ओंडके दिसा होते, आता दिसनत नाय. तुमच्या भाषा मगे काडूया.

निलेश : काकी, रंगाच्या अगदी खाली, कोपऱ्यात वगैरे काही सापडतंय का? गाडीचा मूळ रंग, चिकटलेलं काही?

विमला : माती आसा. बोल्टाच्या खाचेत घट्ट बसलेली. तांबडी.

गुरुदास : माती सगळ्याच गाडयांक लागता.

विमला : अशी लागणा नाय. हातात जड लागता ही आणि बोटाक डाग पडता. भावजी, माझा म्हायार रेडयेक, खाणीच्या गावात. माझो बापूस खाणीर होतो. तेचे कपडे मी लगीन होयसर धुतलंय. ही माती माका अंधारातसुदा कळात. ही रेडयेची खनिजाची माती.

गुरुदास : पोर्तुगीज रेडयेवरसून गेले असतले.

विमला : खाणीतसून?

गुरुदास : मिल्ट्री कशी खंयसूनय जाता.

निलेश : खाणीवरची असेल तर मग काम हलकं झालं. खाणीवर त्या काळी ट्रक असायचे नाहीतर जीप. आता मला आवाज ऐकवा. फोन बॉक्सजवळ धरा आणि काकांना पहिला घालू दे.

विमला : ऐकलास मा? घाला पयलो.

गुरुदास : घालतंय. थांब, दांडो बांधूचो लागतलो, नायतर हातात ऱ्हवणा नाय. तो सुंभ दी हडे.

विमला : भावजी.

गुरुदास : सुंभ गो, तुझ्या पायाकडे.

विमला : दांड्याक असो फास घालून मागे ताणून बांधूचो, ह्या तुमका शिकवल्यान कोणी?

गुरुदास : शिकवतला कोण? सटाकणारो गियर असोच बांधतत.

विमला : माझ्या लग्नाची गाडी कोण चलवी होतो?

गुरुदास : ह्या काय आता मधीच?

विमला : कोण चलवी होतो?

गुरुदास : मीच. गावात दुसऱ्या कोणाकडे लायसन होता?

विमला : आणि जीप खंयची होती?

गुरुदास : रेडयेची. तुझ्या बापाशीन खाणीच्या कंत्राटदाराकडसून मागान हाडल्यान होती.

निलेश : काकी, आवाज येत नाहीये.

विमला : येतलो, निलेशभाऊ. आधी ह्यो ऐका. माझी वरात सड्यावरच्या घाटयेक लागली आणि पयलो गियर सटाकलो. हातभर वर, हातभर खाली. अगदी आताच्या सारखो. तेवा ह्या भावजींनी काय करूचा? नवऱ्याच्या उपरण्यान दांडो बांधल्यानी. उपरण्याचा दुसरा टोक माझ्या शालूक बांधलेला, लग्नाची गाठ ती. सोडूची नाय म्हणान भटजीन बजावलेला.

निलेश : मग?

विमला : मगे काय? गियर सटाकलो की मी फुडे. परत घातलो की मी मागे. अर्धी घाटी मी अशी चढलंय.

गुरुदास : उपरणा मजबूत होता पण. फाटाक नाय.

विमला : शेवटाक ह्येंनी जीप फिरवल्यानी आणि रिव्हर्स घातल्यानी. रिव्हर्सात चढली ती. ऱ्हवलेली सगळी घाटी आणि फुडे दारापर्यंत उलटीच.

निलेश : दारापर्यंत कशाला? वर आल्यावर सरळ करायची ना.

गुरुदास : सरळ घालूक पयलो गियर होयो मा. एकदा थांबली असती तर हलली नसती. आणि मागे वाजपी चलत होते.

विमला : सासूबाय आरतीचा ताट घेवन दारात उभी. फुडे इलो काय तर जीपीचो मागचो टायर. स्टेपनी. तिणा काय बघल्यान नाय, स्टेपनेक ओवाळल्यान आणि कुंकू लावल्यान.

गुरुदास : आयेची नजर तेवाच कमी झालेली.

विमला : आणि मी सगळ्यांकडे पाठ करून बसलेली, तोंड रेडयेकडे. तेच्यानंतर दूध नासला, तर ‘उलटी इली ती’. कोंबडी अंड्यार बसाक नाय, ‘उलटी इली ती’. मरासर तिणा ता सोडल्यान नाय. आणि ज्या गियरबॉक्सान माका उलटी हाडल्यान, तेका मी दर दसऱ्याक झेंडू घालतंय. पोर्तुगीज म्हणान.

गुरुदास : वयनी, ऐक. ती जीप भंगारात गेली. माका विंचाक गियरबॉक्स होयो होतो आणि तो फुकट गावलो. आता आयेक सांगलं असतंय ह्यो त्याच जीपीचो, तर तिणा तो दर्यात टाकल्यान असतो. तिणा सांगलेलाच, त्या जीपीचो खिळोसुदा माझ्या पुळणीर नको. म्हणान मी पोर्तुगीज केलंय.

विमला : आये गेली तेका वर्सा झाली.

गुरुदास : तवसर तुझ्या होम-स्टेच्या बोर्डार लिवन झाला होता. ‘येथे पोर्तुगीजकालीन विंच पाहावयास मिळेल.’ पावणे फोटो काडतत. माका मिल्ट्रीकाका म्हणतत. आता खंय पुसूचा ता?

निलेश : काकी, काका, मला कळलं. जुनी पेट्रोल जीप. पुढचे तीन, मागचा एक. नंबर नसला तरी शंभर टक्के. आणि पहिल्याचे दात गेलेत, तो आता कितीही बांधला तरी टिकायचा नाही.

विमला : मगे घाला पार्ट एसटीत.

निलेश : तेच सांगतोय. तो पार्ट माझ्याकडे नाही. कोल्हापूरहून मागवावा लागेल. परवा येईल.

विमला : परवाक होडी ऱ्हवणार नाय.

निलेश : माझ्या हातात असतं तर मी स्वतः घेऊन आलो असतो.

गुरुदास : दुसरो घालून बघूया?

विमला : दुसऱ्यात इंजन बंद पडता. फोन लावच्या आधी तुमीच सांगलास. भावजी, रिव्हर्स चलता मा ह्येचो?

गुरुदास : चलता. पण रिव्हर्सान ड्रम उलटो फिरतलो. दोर सुटतलो आणि होडी जायत खाली.

विमला : दोर सगळो सोडा आणि ड्रमाक उलटो गुंडाळा. आता वरसून येता, तो खालसून घेवा. मगे ड्रम उलटो फिरलो की होडी वरच येतली.

निलेश : काका, बरोबर आहे त्यांचं. रिव्हर्सचे दात वेगळे असतात आणि त्याला जोरही भरपूर असतो. घाटात तो चढला ना?

गुरुदास : चढलो. पण दोर सोडल्यार होडी धरतलो कोण?

विमला : तुमचो दादा. तेंका हाक मारा, आणकी दोन ओंडके लावा म्हणा. आणि बाजूक ऱ्हवा म्हणा, फाटीमागे नको.

गुरुदास : दादा! आणकी दोन ओंडके लाव! बाजूक रव! … वयनी, तो विचारता, कित्या?

विमला : सांगा, विंच उलटो चलवतंव.

गुरुदास : विंच उलटो चलवतंव! … तो म्हणता, येडे झालास काय?

विमला : तेंका म्हणा, ह्याच गियरान तुमका बायको मेळली.

गुरुदास : ता मी सांगणंय नाय. तूच सांग रातचा. सोड दोर. हां. आता खालसून घे. एक वेढो. दोन. आणकी एक घाल, ओलो आसा, घसारता. बस.

विमला : सुंभ नको?

गुरुदास : रिव्हर्साक कधी बांधूचो लागाक नाय. तेवाय नाय. घालू?

विमला : घाला.

निलेश : काकी? काय झालं? नुसतीच घरघर येतेय.

विमला : थांबा हो.

निलेश : सटकला का?

विमला : दोर ताठ झालो. हलली. निलेशभाऊ, हलली. येता हा.

गुरुदास : बघ कसो वडता. पोर्तुगीज वस्तू ती.

विमला : भावजी.

गुरुदास : रेडयेची म्हणतंय मी. रेडयेची.

विमला : हळू घेवा. ह्या गियराक घाय चलणा नाय, माका म्हायत आसा. ओंडके सुटले. पाण्याभायर इली.

निलेश : झालं मग. काकी, पार्ट मागवू ना परवासाठी?

विमला : मागवा. आणि झाकणाचे दोन बोल्ट पण.

गुरुदास : तीन. एक आजच खंयतरी पडलो.

निलेश : पाठवतो. आणि काका, नवीन पार्टवर नंबर असेल. तो घासू नका.

गुरुदास : थंय रंगच पोचणा नाय, घासतलंय कित्या? … ठेवल्यान फोन. वयनी, बोर्डाचा काय करूचा मगे?

विमला : बोर्ड ऱ्हवांदे. पावण्यांका पोर्तुगीजच सांगा. रेडयेचो म्हटल्यार कोण फोटो काडणा नाय.

गुरुदास : मगे मी मिल्ट्रीच ऱ्हवलंय. बरी इली होडी. आता हयसरच थांबवतंय. तू खंय चललंस?

विमला : घराक. ताट घेवन येतंय.

गुरुदास : ताट? आज खंयचो सण?

विमला : होडयेर नाव कोणाचा लिवला आसा?

गुरुदास : आयेचा. ‘आनंदी’.

विमला : मगे? आये रिव्हर्सात दारात इली, तिका कुंकू लावक नको?

गुरुदास : लाव. खंय लावतलंस?

विमला : फुडच्या बाजूक.