खिडकीतला क्रूस

जुन्या सिनेमांचा विषय काढलात म्हणून दिगंबरचं सांगतो. आमच्या फिल्म क्लबात हा शेजारी बसला की शांतपणे सिनेमा बघायची सोय नव्हती. पडद्यावर कुणी हात पसरले की कोपरानं ढोसायचा, "क्रूस!" माणसं जेवायला बसली की, "येशूचं शेवटचं जेवण!" एकदा पडद्यावरल्या भिंतीवर खिडकीच्या उभ्या-आडव्या गजांची सावली पडली, तर हा खुर्चीतून उठलाच. मी लई वैतागलो. म्हणालो, "अरे, खिडकी हाय ती!" पण ऐकतो कुठला! गंगापूरला घरी गेला की आईलाही समजावायचा, "मेलेला हिरो तिसऱ्या दिवशी परत येतो, म्हणजे तो येशू."

मग गंगापूरच्याच रस्त्यावर जीप उलटली आणि त्यात त्याचा धाकटा भाऊ गेला. तिसऱ्या दिवशी आम्ही राख सावडायला निघालो, तर आई उंबऱ्यावर आडवी आली.

"दिगू, तूच सांगितलं व्हतं ना, तिसऱ्या दिशी येतो म्हणून?"

दिगंबरनं तिला हळूच बाजूला केलं. स्मशानात राख अजून कोमट होती. त्यानं एकट्यानं अस्थी वेचल्या आणि मडक्याचं तोंड फडक्यानं बांधलं.

पुढं बऱ्याच दिवसांनी मी त्याला ओढूनच क्लबात नेलं. पडद्यावर पुन्हा तसलीच सावली पडली. त्याला बोलतं करावं म्हणून या वेळी मीच ढोसलं, "दिग्या, क्रूस!"

त्यानं मानसुद्धा वळवली नाही.

"खिडकी हाय," म्हणाला. "बघ गुपचूप."