बारावा खडा

(सकाळचे पावणेसात. महाडबाहेर सावित्रीच्या काठावरचा पार. एकाच खांबावर दोन पाट्या : वर 'निसर्गरम्य जॉगिंग मार्ग, दोन किलोमीटर', खाली 'सावधान, मगरींचा वावर'. धावायला आलेले बहुतेक घरी गेले आहेत.)

अनुपमा : खडा उरलाय, मालोजीबाबा.

मालोजी : उरू दे की. खडाच हाय बाई, चावत नाय.

अनुपमा : चेष्टा नको. जाताना माणशी एक खडा तुम्ही पारावर मांडता, आल्यावर मी नाव पुकारून एकेक उचलते. आज अकरा नावं पुकारली, अकरा खडे उचलले. मग हा बारावा कुठला?

मालोजी : नदीत टाका. माझी चूक धरा.

अनुपमा : तुमची चूक? कुडपणच्या डोंगरात बत्तीस वर्षं गावची गुरं राखली, सांजेला एक शेपूट कमी भरलं नाही, हे आम्ही रोज ऐकतो. परवा तर हर्षदच्या घड्याळाची पावलं खोटी पाडलीत.

मालोजी : ते घड्याळ हात हलला की पाऊल धरतं. हा तंबाखू मळत बसतो अन् तिकडं पावलं चढतात.

अनुपमा : बघा! म्हणजे तुम्ही चुकत नाही.

मालोजी : तुमचा तो सुनील घ्या. दोन किलोमीटर पळतो म्हणं. वळणाआड दगडावर बसतो, तुम्ही माघारी फिरलात की तोंडावर पाणी मारून घामाघूम होऊन येतो. त्याचा खडा मी मनातल्या मनात आर्धाच धरतो.

अनुपमा : सुनीलचं नंतर बघू. तुम्ही चुकत नाही, म्हणजे बारा गेले. आले अकरा. एक जण अजून त्या वाटेवर आहे.

मालोजी : अवो बाई, जरा टेका तरी.

अनुपमा : टेकू कशी? धक्क्याजवळच्या वाळूवर आज केवढी मगर पडली होती! रेश्मा तिचा फोटो काढायला खाली उतरत होती, मी दंड धरून ओढली तिला. आपल्यातलं कोणी नाही, सगळ्यांनी माझ्यासमोर 'हजर' म्हटलं, बहुतेक गाड्यांवर बसून गेलेसुद्धा. म्हणजे बाहेरचं कोणीतरी. तो पुण्याचा साहिल! काल विचारत होता ना, फोनवर रस्ता बघून आलो म्हणाला.

मालोजी : तो कालच वीरला गेला. रिक्षात बसताना गाडीची वेळ मलाच विचारली. मी काय टेसनमास्तर हाय?

अनुपमा : मग दुसरा कोणी असेल. मालोजीबाबा, हा रस्ता फोनच्या नकाशावर टाकला कोणी? मी. 'पाखरांची किलबिल, नदीचा गारवा' असं लिहिलं कोणी? मी. आणि मगरींचं कुठे लिहिलं? सगळ्यात खाली. लोक बिचकतील म्हणून.

मालोजी : पाटी हाय की हिथं.

अनुपमा : धावणारा माणूस खांब वाचत थांबतो का? तीस वर्षं शाळेच्या सहली नेल्या, रायगडावर दीडशे पोरं चढवली आणि उतरवली, एक पोर कधी कमी भरलं नाही.

मालोजी : पाव्हणा कोण गेलेला नाय. गळ्याची आण.

अनुपमा : मग बारावा कोण गेला?

मालोजी : ते... मला इचारू नका.

अनुपमा : इचारू नका काय! मी वनखात्याला फोन लावते. त्यांची माणसं येतील, नदी बघतील.

पूजा : बाई, काय झालं? मी खाली नळावर तोंड धुवत होते, तुमचा आवाज तिकडपर्यंत आला.

अनुपमा : पूजा, तू थांबलीस ते बरं झालं. एक माणूस कमी भरतोय.

पूजा : आई गं! कोण?

अनुपमा : तेच कळत नाही. बारा खडे, अकरा माणसं.

पूजा : आणि राजेशचा फोन यायची वेळ झालीय. नवरा मुंबईत असला तरी ड्यूटीला निघताना रोज पहिलं तेच विचारतो, किती गेलात, किती आलात. मगरींची धास्ती घेतलीय त्याने. बाई, तुम्ही फोन लावा, मी पळत जाऊन बघून येते. चार मिनिटांत धक्का गाठीन.

मालोजी : ए पोरी! पळायचं नाय!

पूजा : बाबा, तिथं माणूस असेल कोणीतरी!

मालोजी : नाय म्हणतो ना मी! बस त्या दगडावर. आधी बस गो!

अनुपमा : तिच्यावर काय ओरडताय? सगळ्यांत जोरात धावणारी हीच. गुरुवारी अलिबागला पोलीसभरतीची धाव आहे तिची. हिला नाही पाठवायचं तर काय सुनीलला पाठवू?

मालोजी : कोणाला नको. फोन ठेवा तो. कोण हरवलं नाय. बारावा आला परत.

अनुपमा : कुठे आहे?

मालोजी : हिथंच. जिच्यासंगं गेला, तिच्यासंगं आला.

अनुपमा : कोडी घालू नका, माझा जीव थाऱ्यावर नाही.

मालोजी : बाई, मी गाभणीला दोन खडे मांडतो.

अनुपमा : काय?

मालोजी : गाभणीला दोन. गुरं राखली तवाची सवय हाताला.

अनुपमा : मालोजीबाबा! माणसं आहोत आम्ही, गुरं नाही. आणि कोणाच्या लेकीसुनेबद्दल बोलताय? दोन वर्षं ही पोरगी भरतीसाठी घाम गाळतेय. पूजा, तू मनावर घेऊ नकोस गं. वय झालं की जीभ... पूजा? अगं, हसत का नाहीस?

पूजा : बाबा, तुम्हाला कोणी सांगितलं?

अनुपमा : अरे देवा.

पूजा : मी राजेशलापण नाय सांगितलं. आईला नाय. घरात नाय. पोलादपूरला जाऊन तपासणी करून आले, महाडात कोणी बघायला नको म्हणून. तुम्हाला कोण बोललं?

मालोजी : तूच बोललीस. तोंडानं नाय. आठ दिस झाले, बुटाची नाडी बसून बांधतेस. सकाळी होड्यांकडून मासळीचा वास आला की पदर नसताना नाकाला पदर शोधतेस. तरी मी गप होतो. आज जाताना उतारावर थबकलीस, पाय बघून टाकलास अन् हात पोटाशी गेला. डोळ्यांनी बघितलं, अन् मला कळायच्या आत हातानं दुसरा खडा टाकला. बाईंनी उचलायला घेतले तवा ध्यानात आलं, आता फसलो.

अनुपमा : आणि मला अर्धा तास मगरीच्या पोटात माणसं दाखवत बसलात!

मालोजी : पोरीनं लपवलेलं मी चारचौघांत कसं उघडू? चूक धरा म्हणत होतो. तुम्हीच माझी चूक धरंनात.

अनुपमा : पूजा, किती दिवस झाले?

पूजा : दोन महिने होतील. बाई, ओरडू नका. गुरुवारची धाव झाली की सांगणार होते. आठशे मीटर, तीन मिनिटांचा खेळ. गेल्या भरतीत दोन मार्कांनी गेले. यंदा वयात बसते, पुढच्या भरतीला नाय बसणार. तीन मिनिटांनी काय होतंय?

मालोजी : त्या दिवशी मीबी तेच म्हणालो होतो.

पूजा : कधी?

मालोजी : बाई, ते शेपटाचं खरं. एक शेपूट कमी भरलं नाय. पण एक गोष्ट मी तुम्हाला सांगितलेली नाय. रावजीची पहिलारू गाय होती, कपाळावर चांदवा. आभाळ भरून आलं, म्हटलं चार उड्यांत घाट उतरवू. हाकली. धावत धावत गाव गाठलं. खडे मोजले, बरोबर. रावजीच्या दावणीला गाय उभी केली. रात्रीत गाभ टाकला तिनं. खडे भरले बाई, हिशोब चुकला. मुकं जनावर, सांगणार कसं? तवापासून दोन.

पूजा : मी गाय नाय, बाबा.

मालोजी : म्हणून तर सांगतोय. तिला इचारायची सोय नव्हती.

अनुपमा : प्रत्येकीचं तसंच होतं असं नाही, पूजा. ह्यांच्या गाईवरून घाबरू नकोस. पण माझ्या किंवा तुझ्या अंदाजावरपण धावू नकोस. आज दहा वाजता डॉक्टरीणबाईंकडे जायचं. मी येते. भरतीचं सांग, धावेचा एकेक सेकंद सांग. त्या काय म्हणतात ते ऐकायचं.

पूजा : आणि त्या नको म्हणाल्या तर?

अनुपमा : तर अलिबागला अर्ज द्यायचा, पुढची तारीख मागायची. अर्ज मी लिहीन.

पूजा : नाय दिली तर?

अनुपमा : खोटं कशाला सांगू? नाही दिली, तर ही गेली.

पूजा : दोन वर्षं, बाई. पावसात चिखल तुडवत. सासूबाई म्हणायच्या, सून पळते पळते आणि घरीच येते. हसायचे सगळे.

मालोजी : मी नाय हसलो. तुझा खडा पहिल्या दिवसापास्न अख्खा.

पूजा : तुमचं काय जातंय! माझा फोटो त्या खाकीत बघायचा होता मला. एकदाच.

अनुपमा : रड. इथं कोणी नाही.

मालोजी : मी हाय की.

अनुपमा : तुम्ही नदीकडे बघा.

मालोजी : बघतो. पल्याडच्या काठावरची मगर उठून पाण्यात गेली बघा. तिलाबी लई झालं आज.

पूजा : बाबा, तुम्ही ना... हसायचं नाय मला आत्ता.

अनुपमा : फोन वाजतोय तुझा. राजेश असेल. हवं तर मी बोलते, तू नळावर आहेस म्हणून सांगते, डॉक्टरांकडून आलो की बोल.

पूजा : नको, द्या इकडे. आणि बाबा, तो खडा टाकू नका.

मालोजी : माझ्या मुठीत हाय.

पूजा : हॅलो. हो, आत्ताच. हो रे, आले सगळे परत. नाय, आवाजाला काही नाय झालं. नाय रे, आज अकरा नाय. बारा.