वाटीचं भोक

मंडळी, आज कीर्तनात देवाचं नाव घेण्याआधी एक प्रश्न विचारतो. जो देव मानत नाही — अजिबात मानत नाही! — त्याच्या हातात गावाचं पाणी द्यावं का?

हां, हां! लगेच माना हलवू नका. दुपारी सरपंचांच्या घरी जेवताना कानावर आलं. उद्याच्या ग्रामसभेत ठराव आहे म्हणे — जो देवळात पाऊल टाकत नाही, त्याला पाणीवाटपाच्या समितीवर घ्यायचं नाही. ठराव कुणासाठी आहे, तेही कळलं. तो गृहस्थ आज आलाय. तिकडे चपलांपाशी उभा आहे. अहो, वळून बघू नका सगळे! माणूस लाजेल.

तर ऐका. फार जुनी गोष्ट. एक लहानसं संस्थान होतं, आणि त्यात एक गाव — पिंपळदरा. नदीला दगडी बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटावर चौदा शेतं. आता पाणी एक आणि शेतं चौदा, मग भांडण होणारच की! म्हणून पाळी. आणि पाळी मोजायची कशी? तर तांब्याची वाटी, तिच्या बुडाला सुईएवढं भोक. घंगाळात पाणी भरायचं, वर वाटी सोडायची. भोकातून पाणी चढतं, चढतं — आणि वाटी बुडते. डुबुक! तुमची पाळी संपली. दिवस मावळला की पाट बंद. ही वाटी ज्याच्या हातात, तो पाटकरी.

आणि संस्थानाचा नियम काय? पाटील असो, पाटकरी असो, खंडोबापुढं बेलभंडार उचलून शपथ घ्यायची. जो म्हणेल देव नाही, त्याला पद नाही. आणि त्याची साक्षसुद्धा लिहून घ्यायची नाही!

जुना पाटकरी थकला. आता जागा कुणाला? सगळं गाव एका तोंडानं म्हणालं — रंभाजी गोरे! पाटाचा चढ-उतार पाठ असलेला माणूस. हिशेबाला चोख, बोलायला रोखठोक. बोलावला देवळात. गुरवानं ताट पुढं केलं — बेलाचं पान, वर हळदीचा भंडार. "उचल, रंभाजी."

रंभाजी म्हणाला, "नाही उचलणार."

"अरे, का?"

"देव शोधला मी. मनापासून शोधला. मला नाही सापडला बुवा. आता नाही सापडला त्याची शपथ घेऊ, तर कामाचा पहिलाच शब्द खोटा."

झालं! काय गहजब! "नास्तिक! पाणी विटाळेल!" आणि तेवढ्यात पुढं आला अंताजी. कपाळावर भंडार बोटभर जाड, गळ्यात माळ, तोंडात अखंड नाव. ताटातला बेलभंडार असा उचलला — अहो, खंडोबालाच भरून आलं असेल! झाला पाटकरी.

आता कोंडाबाई. पाटाच्या अगदी शेवटी तिचा वांग्याचा मळा. एकटी बाई, त्या मळ्यावरच तिची चूल. तिच्या वाट्याला दिवसाकाठी दोन वाट्या पाणी. पण अंताजी आल्यापासून काय होतंय कळेना. पहिली वाटी बुडायच्या आतच दिवस मावळतो! आठ दिवस, पंधरा दिवस. वांग्याची फुलं गळायला लागली. ती बिचारी खंडोबाला नवस बोलली. नवस बोलून घरी आली, तरी पाट कोरडाच.

रंभाजी तिच्या बांधावर रोज जायचा. त्यानं काय केलं? अंताजीच्या घंगाळापासून थोडं लांब जमिनीत काठी रोवली आणि सावली बघत बसला. अंताजीच्या भाऊबंदांची पाळी आली, सावली सरकली, आणखी सरकली — वाटी बुडेचना! दुसऱ्याची पाळी आली, की लगेच डुबुक. आणि घंगाळातल्या पाण्यावर काय, तर पिवळट तवंग. हुशार माणूस, ताडलं त्यानं.

गेला मामलेदाराकडे. मामलेदार चांगला माणूस, पण कायद्यानं बांधलेला. म्हणाला, "पटतंय मला. बेलभंडार उचल, लिहून घेतो. नाहीतर कागदावर तू बोललाच नाहीस."

हात हलवत परत आला. आणि कोंडाबाईनं काय केलं माहीत आहे? पाय धरले त्याचे! "रंभाजी, उचल रे बाबा! तुझा देव नाही ना? मग पानच आहे ते. हळदच आहे. तुझं काय जातंय? माझा मळा जातोय!"

मंडळी, सांगा आता. तुम्ही काय केलं असतं? मी तर उचलून मोकळा झालो असतो! खरं सांगतो. रंभाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण म्हणाला, "काकी, तुझ्यासाठी वाट्टेल ते करीन. पाटाची रात्रंदिवस राखण करीन. पण खोटं बोलून खऱ्याची साक्ष कशी देऊ?"

संतापली बाई! तोंडाला येईल ते बोलली. "मेल्या, तुझ्या खऱ्यापायी मी उपाशी मरू?" तो ऐकून घेत राहिला. शिव्या संपल्या. तिच्या ध्यानात आलं — गावात प्रत्येकानं बेलभंडार उचललाय, आणि एवढ्या शिव्या खाऊनही खोटं न बोलणारा हा एकटाच!

दुसऱ्या दिवशी मामलेदार वसुलीसाठी गावात आला, तशी बाई सरळ देवळात शिरली आणि ताटातला बेलभंडार दोन्ही हातांनी उचलला. "खंडोबाराया, माझ्या शब्दामागं तू आहेस. ह्या रंभाजीच्या शब्दामागं कुणीच नाही, तरी तो खोटं बोलत नाही! तो जे सांगतो, ते मी माझ्या तोंडानं सांगते. साहेब, आता लिहा! आणि आत्ताच्या आत्ता पाटावर चला."

पाटावर पाळी कुणाची? अंताजीच्या सख्ख्या भावाची. मामलेदारानं खिशातलं घड्याळ काढलं, वाटी नव्यानं सोडायला लावली. एका घटकेत, म्हणजे चोवीस मिनिटांत बुडायला हवी. चोवीस झाली — तरंगतेय. तीस झाली — तरंगतेय! अडतिसाव्या मिनिटाला बुडाली.

रंभाजी लांबूनच म्हणाला, "साहेब, माझी साक्ष नका लिहू. वाटी तेवढी उन्हाकडे धरा."

धरली. भोकातून किरण येईना धड. बाभळीच्या काट्यानं कोरलं — आतून काय निघालं? तेलात मळलेली हळद! शपथेच्या ताटातला भंडार, मंडळी! रोज प्रसाद म्हणून घ्यायचा आणि भाऊबंदांच्या पाळीला भोकाला चोपडायचा! देवावर केवढी श्रद्धा — चोरीलासुद्धा देवच लागला!

अंताजीचं पद गेलं. मामलेदार म्हणाला, "रंभाजी, आता तरी उचल, पद तुझंच." रंभाजी हसला, नाही म्हणाला. नियम बदलला नाही. तो माणूस मरेपर्यंत पाटकरी झाला नाही. पण कोंडाबाईनं गावात एक रीत पाडली. पाटकरी कुणीही होवो, शपथ कितीही मोठी असो — रोज सकाळी पाटाच्या शेवटच्या शेतावर जायचं, वाटी उन्हाकडे धरायची, आणि तिथल्या माणसाला भोक दाखवायचं. त्यानं हो म्हटलं, तरच पाट सुटायचा.

तुम्ही विचाराल, बुवा, तुम्हाला एवढं बारीकसारीक कसं ठाऊक? बाहेरच्या पाटीवर माझं नाव एवढं मोठं लिहिलंय, आडनाव लिहिलेलं नाही. आता सांगतो. मी दामोदर शेळके. पिंपळदऱ्याचा. अंताजी शेळके माझे खापरपणजोबा.

आमच्या घरात कीर्तन चार पिढ्यांचं आहे. मी रोज पहाटे भंडार कपाळाला लावतो, आणि बोट पिवळं झालं की ती वाटी आठवते. देवावर माझी श्रद्धा आहे, ती कुणाच्या बापाला हलवता यायची नाही. पण माझ्या कपाळाकडे बघून तुम्ही मला पाणी वाटायला देणार असाल — नका देऊ! माझी वाटी बघा. त्या चपलांपाशी उभ्या माणसाचीही बघा. त्याच्या भोकात काही सापडलं तर खुशाल घालवा. कपाळ कोरं म्हणून घालवाल, तर मला लाज वाटेल, आणि माझ्या खंडोबालाही.

ठरावाचा कागद कुणाच्या खिशात आहे? सरपंच, तुमच्याच ना? काढा बाहेर. टाळ खाली ठेवा रे पोरांनो, मृदंग थांबू दे. आरती थोडी उशिरा झाली तरी चालेल. आणि अहो, चपलांपाशी उभे आहात ते — देवळात नका येऊ, पण पायरीपर्यंत तरी या. तुमच्यादेखत सरपंचांना तो कागद फाडू दे.