तळ्याकाठची चटई

“तिला एकटीला बसू देऊ नका हं. एकटं बसलं की माणूस विचार करायला लागतं” — असं म्हणाल्या सासूबाई, स्वयंपाकघरात, माझ्या नणंदेला — आणि मी गॅलरीत, ओल्या चादरीच्या मागे, तोंडात चिमटा धरून उभी. चोरून ऐकत नव्हते हो, कपडे वाळत घालत होते. आता तोंडात चिमटा असताना खाकरून ‘मी इथे आहे’ असं कळवता येतं का? नाही येत. — बसा ना, सरकते मी. एवढ्यात कुणी यायचं नाहीये. म्हणजे यायचेत, पण पोचायला वेळ आहे. तुम्ही विचारलंत ना, एवढ्या आडबाजूला एकटी का येऊन बसतेस, घरी काही त्रास आहे का — तर त्रास नाही. तेच तर सांगतेय.

त्रास असता तर सोपं होतं. माणसं चांगली आहेत. फक्त आमच्या घरात कुणी एकटं कुठे जात नाही. दूध आणायला दोघं, चष्म्याचा नंबर काढायला चौघं. सासऱ्यांची दाढ काढायची होती तेव्हा डॉक्टरांनी आमच्याकडे बघून आधी विचारलं, पेशंट कोण? सगळे एकदम म्हणाले, आम्ही. — हसा, मलाही हसू आलं होतं. लग्नाला अजून वर्ष व्हायचंय आणि दोन खोल्यांत आम्ही पाच जण. न्हाणीघरात जरा वेळ लागला तरी नणंद बाहेरून विचारते, वहिनी, बरी आहेस ना? बरी आहे. मी मुळातच कमी बोलते. आई नर्स, तिच्या पाळ्या बदलत्या, त्यामुळे शाळेतून येऊन कुलूप उघडायचं आणि गप्प घरात गप्प बसायचं, हेच माझं लहानपण. मला ते आवडायचं. पण यांच्या घरात जो बोलत नाही त्याला काहीतरी खुपतंय, असा हिशोब आहे. मग सगळे माझ्याशी आळीपाळीने बोलतात. दमते मी, दुसरं काही नाही.

म्हणून बागा शोधायला लागले. आधी कोपऱ्यावरची, झोपाळ्यांची — तिथे नणंद आली, वहिनीला सोबत म्हणून. मग नदीकाठचा रस्ता धरला, तिकडे सासूबाई आल्या, गुडघा दुखत असताना. निम्म्या वाटेवर त्या बसल्या आणि मी त्यांचा गुडघा चोळत नदीकडे पाठ करून बसले. मग टेकडी. टेकडीवर सासरे. ते बसवर ड्रायव्हर होते, जन्म गेला या शहरात स्टिअरिंगवर, त्यांच्यापासून काय लपणार? त्यांना बाग म्हणजे गाडी वळवायला जागा किती. टेकडीवर पोचून चारी बाजूंनी बघितलं आणि म्हणाले, झकास, पण इथे गाडी फिरत नाही बघ.

आणि मग तळं सापडलं. रेल्वेच्या गोदामामागे, कुंपणाची तार वाकवून आत जायचं. अर्ध्या तळ्यावर शेवाळ, काठाला एक अर्धवट पडलेलं झाड पाण्यावर झुकलेलं, आणि त्याच्या टोकाला खंड्या. तुम्ही पाहिलाय खंड्या बसलेला? निळा म्हणजे इतका निळा की हा असा उघड्यावर कसा बसतो असं वाटावं — आणि हलत नाही. पाण्याकडे बघत बसतो. मीही बसायचे. तो त्याच्या जागी, मी माझ्या. कुणी कुणाला काही विचारत नाही. हे मी फक्त नवऱ्याला सांगितलं, भांडी विसळताना, हळू आवाजात. एकदा त्यालाच घेऊन जावं असंही मनात होतं — दोघंच, आणि न बोलता. त्याला इतका आनंद झाला की जेवताना त्याने सगळ्यांना सांगून टाकलं. हिनं खंड्या शोधलाय, म्हणाला. कौतुकानंच म्हणाला, त्यात खोट नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे तळ्यावर. चटई, थर्मास, बिस्किटं. सासऱ्यांनी तार अजून वाकवून सासूबाईंना आत घेतलं. सासूबाईंनी चटई झटकली, खंड्या जागचा हलला नाही, तर त्या कळवळून म्हणाल्या, अगं, हा किती वेळ असा गप्प बसलाय, आजारी आहे का बिचारा? बिस्किट टाक गं त्याला. नणंदेने टाकलं. मग उडाला. आम्ही होतो तोवर तो काही परत आला नाही, नंतर मीही नाही गेले.

त्या आठवड्यात एकदा मी माझ्या आईच्या गावाला जाणाऱ्या बसमध्ये जाऊन बसले होते. पर्स नाही, काही नाही, घरातल्या चपला. कंडक्टरने विचारलं, कुठलं? उतरले — आणि येताना कोथिंबीर घेऊन आले, म्हणजे कुठे गेले होते ते कुणी विचारायला नको. हे तुम्हाला का सांगितलं मी? राहू द्या. विसरा.

तर ही जागा. बंद पडलेली रोपवाटिका, फुटक्या कुंड्या, तुम्ही आणि हे बाक. आज विचारलंत तेवढंच, एरवी तुम्ही कधी काही बोलत नाही, म्हणून तर बसते तुमच्याशेजारी. पण आज दुपारी दारातल्या माझ्या चपला सासऱ्यांनी उचलून बघितल्या आणि म्हणाले, लाल माती? म्हणजे रोपवाटिकेच्या मागे जातेस तू. अगं, मग सांगायचं नाही का, आतापर्यंत एकटी जात होतीस? येतो आम्ही संध्याकाळी. — चेहरा इतका प्रेमळ, की मी मान डोलावली. मी नेहमी मान डोलावते.

ते बघा. फाटकाशी. पुढे सासूबाई आणि सासरे, मागे चटई काखेत घेतलेला माझा नवरा. — नाही, तुम्ही उठू नका. तुमच्यासमोर बोलले तर बोलेन, नाहीतर पुन्हा चटईवर बसून थर्मास उघडेन. बसा. एवढं माझ्यासाठी बसा.

“आई, थांबा. चटई अंथरू नका. तो तळ्यावरचा खंड्या आजारी नव्हता. तो तसाच बसतो. मीही तशीच बसते. मला काही झालेलं नाही, कुणी काही बोललेलं नाही, मी फक्त बसलेय. बाबा, तुम्ही यांना घेऊन घरी जा. अंधार पडायच्या आत मी येते, माझी मी येते. नाही रे, तूसुद्धा जा. चटई तेवढी इथे राहू दे.”